आजोबांच्या पितळी बाटलीचा तळ आणि गोठ्यातलं ते लोखंड

भाऊ, पहिले दुसऱ्या फोटोबद्दल बोलू, बाटलीचं नंतर. गोठ्यात ज्याने तुम्ही खुंटे ठोकता ते लोखंड आता जिथे पडलंय तिथेच राहू द्या. उचलू नका, धुऊ नका, गंज खरडू नका, अजून चांगला फोटो काढायचा म्हणून उलटं तर अजिबात करू नका. बैलं दुसरीकडे बांधा, पोरांना तिकडे जाऊ देऊ नका आणि ११२ ला फोन लावा, सांगा की जुना तोफगोळा सापडलाय. पोलीस येतील, बॉम्ब शोधक व नाशक पथकाला बोलावतील. हे झालं की मग पुढचं वाचा, पुढचं कुठे पळून जात नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात प्रश्न सांगतो. हे भाऊ पारोळा तालुक्यातले. आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते, १९४६ च्या सुमारास गावी परत आले, येताना दोन वस्तू आणल्या. एक पितळेची लांब बाटली, ती देवळीत असते आणि तिच्यात मोरपिसं ठेवलेली. दुसरी लोखंडाची, पुढून निमुळती, मागे तांब्याचं कडं. आजी म्हणते, “हाऊ जपानी तोफना गोळा शे.” भाऊंनी बाटलीच्या तळाचा एक आणि गोठ्यातल्या या लोखंडाचा दुसरा असे फोटो पाठवले आणि विचारलं की या आकड्या-अक्षरांवरून हा कुठल्या जहाजाचा, किती जुना आणि खरंच जपानी आहे का. मी नेव्हीत गनरी ब्रँचला पंधरा वर्षं काढली, त्यानंतर दारूगोळा तपासणीच्या कामात अजून बरीच, आता भुसावळला घरीच असतो, त्यामुळे असले फोटो माझ्याकडे महिन्याला दोन-चार तरी येतात.

आता बाटली. तिला आम्ही केस म्हणतो. तोफेतून गोळा पुढे जातो, ही मागे राहते, म्हणजे बंदुकीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी असते तसंच पण मोठं. केस ओळखायची तर मी नेहमी सांगतो की तळ म्हणजे सातबारा आहे. सातबाऱ्यावर जसं मालक कोण, क्षेत्र किती, कोणाचा फेरफार कधी पडला हे सगळं एकाच कागदावर दाटीवाटीने लिहिलेलं असतं, तसंच इथे. कोणत्या तोफेची, कोणी बनवली, कधी बनवली, कोणी पास केली, कितीदा भरली, आणि शेवटी सरकारने विकून टाकली का. सगळं त्या वाटीएवढ्या गोलात. आणि घरात सांगतात ती गोष्ट म्हणजे तोंडी व्यवहार, ती खोटीच असते असं नाही पण सातबारा निघाला की बहुतेक वेळा तिची हद्द सरकते.

तुमच्या फोटोत तुम्ही लिहिलंय की “मोठा झेड आहे, म्हणजे काहीतरी जपानी कोड असेल”. भाऊ, तो झेड नाही, तो एन आहे. फोटो आडवा आलाय. गोल तळाला वर-खाली काही नसतं, ठसे मारणाऱ्याने जसे हाताला आले तसे मारलेले असतात, म्हणून एन चा झेड होतो, सहाचा नऊ होतो, ६१ चा १९ पण होतो. मोबाइलमध्ये फोटो फिरवून फिरवून बघायचा आणि प्रत्येक ठसा वेगळा वाचायचा. एन म्हणजे नेव्हल, ब्रिटिश आरमाराचा माल. त्याच्याजवळ तुम्हाला चिमणीच्या पायासारखी तीन रेघांची खूण दिसतेय ना, ती ब्रॉड अ‍ॅरो, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. या दोन खुणा एकत्र आल्या म्हणजे जपानचा विषय तिथेच संपला. असेच दोन बाण एकमेकांना टोक लावून असले तर त्याचा अर्थ माल सेवेतून काढून विकलेला. तुमच्या फोटोत एका बाणाशेजारी काहीतरी पुसट आहे, ते दुसरा बाण आहे का हे मला नीट बघायचंय, त्याबद्दल शेवटी सांगतो.

मग “३ पी आर”. हे थ्री पाउंडर. जुन्या ब्रिटिश पद्धतीत लहान तोफेचं नाव गोळ्याच्या वजनावरून, तीन पौंडाचा गोळा म्हणजे साधारण दीड किलोच्या आतबाहेर. तुम्ही तोंडाचं माप ४.७ सेंटिमीटर दिलंय आणि लांबी साडेसदतीस, म्हणजे ही हॉचकिस ची केस, तिचं पुस्तकी माप ४७ गुणिले ३७६ मिलिमीटर. हे मोजलंत ते फार बरं केलंत कारण थ्री पाउंडर नावाची विकर्स कंपनीची पण तोफ होती, तिचं तोंड तेवढंच ४७ पण केस लांब, ४११ मिलिमीटर. नुसता “३ पी आर” वाचून माणूस फसतो, पट्टी लावली की नाही फसत. हॉचकिसची ही तोफ ब्रिटिश आरमाराने १८८६ च्या सुमारास घेतली, कारण त्या काळात टॉर्पेडो बोटी नव्याने आल्या होत्या, छोट्या, चपळ, रात्री जवळ येऊन मोठ्या जहाजाला टॉर्पेडो मारून पळायच्या, आणि मोठ्या तोफा त्यांच्यावर वळवेपर्यंत खेळ खल्लास. म्हणून पटापट मारता येईल अशी छोटी तोफ. दारू आणि गोळा एकाच पितळी केसमध्ये बसवलेला, टाकला की मारला, टाकला की मारला. यालाच क्विक फायरिंग म्हणजे क्यू एफ म्हणायचे, पुढे हे नाव केस वापरणाऱ्या सगळ्याच तोफांना चिकटलं.

“ई ओ सी” म्हणजे एल्सविक ऑर्डनन्स कंपनी, न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँगचा कारखाना. अशी अक्षरं बनवणाऱ्याची असतात. आर एल म्हणजे वुलिचची रॉयल लॅबोरेटरी, के एन म्हणजे बर्मिंगहॅमची किंग्ज नॉर्टन, आपल्याकडे के एफ दिसलं तर खडकीचा कारखाना. लोकांना हे बघून फार आनंद होतो पण खरं सांगू, बनवणारा कळून जहाज कळत नाही. माल आरमाराच्या डेपोत जायचा, तिथून ज्याला लागेल त्याला. “कुठल्या जहाजाचा” या प्रश्नाला तळावर उत्तर नसतंच, जो कोणी नुसता तळ बघून जहाजाचं नाव सांगेल तो तुम्हाला काहीतरी विकायला बसलाय असं समजा.

“सी एफ” म्हणजे कॉर्डाइट, फुल चार्ज. कॉर्डाइट ही सुतळीसारखी लांब बिनधुराची दारू. आणि आता खरी मजा, ती बारीक खूणगाठ. तुमच्या तळावर कडेकडेने लहान लहान ठसे आहेत, वेगवेगळ्या खोलीचे, एक जरा तिरका, एक जवळपास पुसलेला. हे एका हाताचं काम नाही. पितळी केस एकदा वापरून फेकत नव्हते, परत आणायचे, तपासायचे, तोंड सरळ करायचे, भट्टीत नरम करायचे आणि पुन्हा भरायचे, आणि दरवेळी भरणीचा ठसा पडायचा. हेच ते फेरफार. मी मोजले तर पाच वेगळे हात दिसतात. तळावरची तारीख १९०२ आणि आजोबा गावी आले १९४६ ला, मधली चाळीस-चव्वेचाळीस वर्षं ही बाटली काय करत होती? पहिल्या महायुद्धापर्यंतच ही तोफ लढाईला जुनाट झाली होती. पण सलामीला ती चालूच राहिली, ब्रिटिश आरमारात थ्री पाउंडर हॉचकिस ही सलामीची तोफ म्हणून पुढे कितीतरी वर्षं टिकली. सलामीला गोळा लागत नाही, नुसता बार, म्हणून तीच केस पुन्हा पुन्हा भरून वापरता येते. माझं मत विचाराल तर आजोबांची बाटली ही सलामीला झिजलेली बाटली आहे. कोणीतरी व्हाइसरॉय नाहीतर अ‍ॅडमिरल बंदरात आला की हिने बार काढलाय. आजीला हे सांगताना जरा जपून सांगा, जपानी तोफेवरून थेट सलामीवर येणं म्हणजे वाघाच्या शिकारीची गोष्ट फटाक्यावर आणण्यासारखं आहे. पण मला विचाराल तर अशी केस जास्त भारी, नवीकोरी एकदाच भरलेली केस काय ढिगाने मिळते.

हां, आणि तळाच्या मधोमध जो गोल स्क्रूसारखा भाग आहे तो प्रायमर, म्हणजे आतली दारू पेटवणारी टोपी. त्याच्यावर खोल खड्डा दिसतोय, म्हणजे फायरिंग पिन पडलेली आहे, बार झालेला आहे. म्हणून मोरपिसं ठेवायला हरकत नाही. कोणाच्या केसवर प्रायमर असेल आणि खड्डा नसेल, गुळगुळीत असेल, तर केस रिकामी असली तरी प्रायमर जिवंत असू शकतो, त्याला हातोडा-पाना काही लावायचा नाही. एवढासा असतो पण बोटं नेतो.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो म्हणजे तारखेचं महत्त्व कळेल. नोकरीतून नुकताच सुटलो होतो आणि गल्लीत सगळे मला तज्ज्ञ समजायला लागले होते, मलाही ते आवडायचं. एका ओळखीच्या घरी वडिलांची बाटली होती, तळावर ठळक ७१. मी छाती फुगवून सांगितलं, एकाहत्तरची आहे. झालं, त्या घरात ती “कराची जाळली तेव्हाची तोफ” झाली, पाहुण्यांना दाखवायला लागले, गणपतीत मखराशेजारी ठेवली. दोन वर्षांनी मी निवांत टॉर्च लावून बघितलं तर ७१ हा लॉट नंबर, तारीख दुसऱ्या कडेला बारीक अक्षरात, ४३. आणि डोकं वापरलं असतं तरी कळलं असतं, ४ डिसेंबर १९७१ ला कराचीवर निपात, निर्घात आणि वीर या मिसाइल बोटींनी क्षेपणास्त्रं डागली होती, तोफेची बाटली तिथे येईल कुठून. जाऊन सांगितलं तर त्या घरातल्या काकू म्हणाल्या, “राहू द्या हो भाऊ, आता सगळ्यांना सांगून झालंय.” तेव्हापासून मी सुट्या दोन आकडी नंबरला वर्ष म्हणत नाही. महिना आणि वर्ष असं जोडून असेल, किंवा चारही आकडे असतील, किंवा बनवणाऱ्याच्या अक्षरांना चिकटून असेल तरच.

जपानीचा विषय निघालाच तर सांगून टाकतो. जपानी आरमाराच्या मालावर नांगराची खूण असते आणि त्यांची चिनीसारखी दिसणारी अक्षरं, आणि वर्ष आपलं नसतं, शोवा वर्ष असतं, त्यात १९२५ मिळवायचे. १८ असेल तर १९४३. जर्मन असेल तर पहिल्या युद्धाच्या काळात मुकुटाखाली एम, दुसऱ्यात गरुडाखाली एम, एम म्हणजे मरीन, त्यांचं आरमार. अमेरिकन नेव्हीत पण नांगर असतो, त्याच्याजवळ तपासणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं, आणि तोफेचं नाव पाच इंच अडतीस कॅलिबर असं. हा अडतीस म्हणजे गोळ्याचं माप नाही, नळीची लांबी, पाच इंचाच्या अडतीस पट म्हणजे १९० इंच. हे न कळल्यामुळे एका भल्या माणसाने मला केस अडतीस मिलिमीटरची नाही म्हणून नकली आहे असं ठासून सांगितलं होतं.

पण खान्देशात घरोघरी ज्या बाटल्या आहेत त्यातल्या दहापैकी आठ-नऊ नेव्हीच्या नसतातच, हा माझा अनुभव. आपल्याकडचे जवान आर्टिलरीत पुष्कळ, देवळालीचं तोफखाना स्कूल नाशिकला, उंबऱ्यावरच. तिथून आठवण म्हणून आलेल्या “२५ पी आर”च्या केसेस असतात, तोंड ८८ मिलिमीटरच्या आसपास, बुटक्या, छत्री उभी करायला बरोब्बर. ती पंचवीस पाउंडर, जमिनीवरची तोफ. ४० मिलिमीटरची बोफोर्स असेल, ३११ मिलिमीटर लांब, तर ती लष्कर आणि नेव्ही दोघांकडे होती, तिथे बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. आणि थाळनेर, लळिंग नाहीतर अशीरगडाकडून आणलेला गोल लोखंडी गोळा हा किल्ल्यावरचा, १८१८-१९ च्या धामधुमीतला किंवा त्याच्याही आधीचा, त्याचा जहाजाशी संबंध लावू नका. एवढं मात्र बघा की त्या गोल गोळ्याला एखादं भोक बुजवलेलं दिसतंय का, दिसलं तर तो भरीव नाही, पोकळ आहे आणि आत काळी दारू असू शकते. त्याला पण तोच नियम, हात नाही लावायचा.

नकलीचं पण जरा सांगतो कारण जळगावला एका प्रदर्शनात एकाने “आयएनएस म्हैसूरची सहा इंची पितळी केस” म्हणून मला भलतीच किंमत सांगितली. मी त्याला विचारलं, बाबा, म्हैसूरच्या सहा इंची तोफेला केस होती का? म्हैसूर म्हणजे पूर्वीची ब्रिटिश क्रूझर नायजेरिया, आपल्याकडे १९५७ ला आली, तीन-तीन नळ्यांचे तीन टरेट, नऊ तोफा. त्या बी एल जातीच्या होत्या, ब्रीच लोडिंग, त्यात गोळा वेगळा आणि दारू कापडाच्या पिशव्यांत, बार झाला की पिशवी जळून जायची. पितळ मागे राहायचा प्रश्नच नाही. त्याच्या केसचं तळ मी बोटाने चाचपलं तर अक्षरं गुळगुळीत, गोलसर, साच्यात ओतलेली. खरा ठसा हातोड्याने मारलेला असतो, कड धारदार लागते आणि बाजूला पितळ किंचित उचललेलं असतं. खरी केस तळाला जाड आणि तोंडाकडे पातळ होत जाते, कुठे जोड नसतो, नकली सगळीकडे सारखीच आणि हाताला हलकी. तो माणूस हसला आणि म्हणाला, साहेब तुम्हाला कमी करून देतो.

आता ते लोखंड, म्हणजे मुळात जिथून मी सुरुवात केली. तुम्ही सुतळीने घेर मोजून ३२ सेंटिमीटर लिहिलाय. त्याला ३.१४ ने भागा, १०.२ येतात, म्हणजे चार इंच. ब्रिटिश मोजणीत चार इंच म्हणजे जवळपास आरमारच. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या सतलज, जमना या जहाजांवर चार इंची मार्क सिक्स्टीन तोफा होत्या, तिचा गोळा ३५ पौंडाचा, सोळा किलोच्या घरात. तुम्ही लिहिलंय वडील दोन हातांनी उचलतात, ते जुळतं. म्हणजे बघा, बाटली तीन पाउंडरची आणि हा चार इंची, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घरच्यांनी एकत्र ठेवल्या म्हणून एकाच तोफेच्या झाल्या एवढंच.

घाबरायचं कारण दोन गोष्टींमुळे. एक, तांब्याचं कडं. त्याला ड्रायव्हिंग बँड म्हणतात. नळीला आतून आटे असतात, गोळा सुटताना हे मऊ तांबं त्या आट्यांत घुसतं आणि गोळा गरागरा फिरत बाहेर पडतो, म्हणून मारलेल्या गोळ्याच्या कड्यावर तिरक्या खाचा ओळीने कापलेल्या दिसतात. तुमच्या फोटोत कडं गुळगुळीत आहे. बरेच जण इथे सुटकेचा श्वास सोडतात की चला, मारलेला नाही म्हणजे भानगड नाही. उलट आहे हो! मारलेला नाही म्हणजे आतला माल आतच असण्याची शक्यता. (आणि खाचा असून फुटलेला नसेल तर तो त्याहून वाईट, कारण मारताना बसलेल्या झटक्याने फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, जागा झालेला असतो.) दोन, टोकाला पितळेचा तुकडा आणि त्याला दोन खाचा. तो नुसता प्लग असेल किंवा फ्यूज असेल, फोटोवरून मी सांगणार नाही, सांगूही नये. आणि कोणाच्या गोळ्याला टोकाला काहीच नाही, भरीव अणकुचीदार आहे, तर तोही निर्धोक समजू नका, जहाजाचं जाड पोलाद फोडायला केलेल्या गोळ्यांचा फ्यूज बुडाला असतो, टोकाला नसतोच.

आजोबा १९४४ ला गोदीत होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून अजून एक शंका मनात येते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. त्यात साधारण चौदाशे टन स्फोटकं, दारूगोळा, आणि वर कापसाच्या गाठी. आपल्याकडे काही म्हातारी माणसं सांगतात की तो आपला चोपड्या-अमळनेरचा कापूस होता, नव्हता, गाठी कराचीला चढवल्या होत्या. तर त्या दिवशी गोदीच्या आजूबाजूला काय काय उडून पडलं याची गणती नाही, सोन्याच्या विटा सुद्धा उडाल्या. तुमचा गोळा तिथलाच आहे असं माझं म्हणणं नाही. पण न मारलेला, भरलेला आणि वर आगीतून गेलेला असा गोळा असू शकतो एवढं मनात धरूनच त्याच्याकडे बघायचं.

“ऐंशी वर्षं झाली, आता काय फुटतंय” हे मी हजारदा ऐकलंय. जुन्या ब्रिटिश गोळ्यांत लिडाइट भरायचे, केंट मधल्या लिड गावावरून नाव, मूळ पदार्थ पिक्रिक अ‍ॅसिड. त्याचा धातूशी संबंध आला की हळूहळू जे क्षार तयार होतात ते मूळ दारूपेक्षाही नाजूक, धक्क्याला, घर्षणाला. म्हणून गोळ्याला आतून वॉर्निश मारायचे. ऐंशी वर्षांत वॉर्निशचं काय होतं ते तुम्हीच सांगा. म्हातारा झाला म्हणून गोळा शांत होत नाही, चिडचिडा होतो, आणि तुम्ही त्याने खुंटे ठोकताय! २००४ साली गाझियाबादकडे परदेशी भंगारात आलेला असाच माल भट्टीत जाऊन फुटला आणि कामगार गेले. म्हणून भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हायचा विचार पण नको, त्याच्याकडे गॅस कटर असतो आणि घरी लेकरं असतात. तापी-गिरणेत नाहीतर विहिरीत टाकून द्यायचं असंही एक जण म्हणाला होता, त्याला मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

रंगावर कोणी जाऊ नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला ब्रिटिश स्फोटक गोळा अंगाने पिवळा, टोकाजवळ लाल पट्टा म्हणजे भरलेला, हिरवा पट्टा म्हणजे आत टीएनटीच्या जातीचा माल. आजच्या नाटो पद्धतीत निळा म्हणजे सरावाचा. जटलंडच्या १९१६ च्या लढाईत ब्रिटिशांचे चिलखत फोडायचे गोळे तिरके बसले की आत न घुसताच फुटत होते, म्हणून १९१८ ला सुधारलेले आणले आणि ते ओळखू यावेत म्हणून हिरवे रंगवले, खलाशी त्यांना ग्रीनबॉय म्हणायला लागले. असं सगळं सांगायला छान वाटतं पण रंग कोणीही मारतो, क्लबच्या दारात ठेवायचा म्हणून सोनेरी मारतो, मुलगा दिवाळीत उरलेला ऑइलपेंट मारतो. धातूवर मारलेला ठसा तेवढा खरा, आणि तुमच्या गोळ्यावर ठसे असतील तरी ते वाचायला जायचं नाही, ते पथकवाले वाचतील. कायद्याची भीती वाटत असेल तर तीही काढून टाका, आपणहून कळवणारा माणूस वेगळा आणि जिवंत दारूगोळा माहीत असून घरात ठेवणारा वेगळा, दुसऱ्यावर १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आणि १९०८ चा एक्स्प्लोसिव्ह सबस्टन्सेस अ‍ॅक्ट लागू शकतो. आजोबांचं नाव, कधी आणलं, कुठे होतं, सरळ सांगून टाका. बाटली पण दाखवा त्यांना, रिकामी आहे हे त्यांच्याही डोळ्याखालून जाऊ द्या.

गोळा गेला की मग निवांत बाटलीकडे या. मला तो पुसट बाण वाचायचाय. ब्रासो लावू नका, पितांबरी लावू नका. तळ कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर चिमूटभर पांढरी रांगोळी टाका, बोटाने सगळीकडे चोळा आणि वरची हलक्या हाताने झटकून टाका, खाचांत तेवढी पांढरी राहते. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, तळाला लागून धरा, वरून नाही, आणि दुसऱ्याला फोटो काढायला सांगा. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो. नाहीतर पतंगाचा कागद ठेवून वर मऊ पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं, तो कागद तर फोटोपेक्षा भारी. दोन बाण टोकाला टोक निघाले तर आजोबांनी ती भंगारातून रीतसर विकत घेतलेली, निदान कोणीतरी घेतलेली. एकच निघाला तर सरकारी माल होता, आणि तो घरी कसा आला हे आता आजीलाच विचारावं लागेल, सांगेल असं वाटत नाही.

आजीवरून आठवलं. ठसे पुसट झालेत ते युद्धाने नाही, फोटोत तळाला मधोमध जी चकाकी आहे ती दरवर्षीच्या चिंचेची आहे. यंदा दिवाळीला बाटली वरून पाहिजे तेवढी घासा म्हणावं, तळ सोडून.